शून्य आकड्याला टाळ्या कशासाठी?

कोविडमध्ये कोणत्या जिल्ह्याने चांगलं काम केलं आणि कोणत्या जिल्ह्याने माती खाल्ली, याची भाषणं अजून थांबलेली नाहीत. सत्कार झाले, ढाली वाटल्या गेल्या, निवडणुकीत पत्रकं निघाली. आमच्याकडे, म्हणजे आजच्या धाराशिव आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'सगळा महाराष्ट्र लाल होता तेव्हा आपला जिल्हा हिरवा होता.' ऐकणारे टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही, आणि का वाजवत नाही ते इथे सविस्तर मांडतो.

मी मूळचा नळदुर्गचा. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आकडे गोळा करून ते पडद्यावर नीट दिसतील अशी व्यवस्था लावणं हाच माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. या धंद्यात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. ज्या सर्व्हरवर एकही एरर दिसत नाही तो सगळ्यात निरोगी सर्व्हर असतोच असं नाही, पुष्कळदा त्याची नोंद ठेवणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. म्हणून शून्य दिसलं की आम्ही आधी मोजणी चालू आहे का ते बघतो, खूश नंतर होतो.

आता तो हिरवा रंग. 30 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय आरोग्य सचिव प्रीती सुदान यांनी राज्यांना पत्र पाठवून देशातले जिल्हे लाल, नारिंगी आणि हिरवे अशा तीन गटांत विभागले. महाराष्ट्रातले 14 जिल्हे लाल, 16 नारिंगी आणि 6 हिरवे. हिरव्यांत उस्मानाबाद, वाशिम, सिंधुदुर्ग, गोंदिया, गडचिरोली आणि वर्धा. आमचा शेजारी सोलापूर लाल. हिरवा होण्याची अट अशी की आजवर एकही रुग्ण नाही, किंवा गेल्या 21 दिवसांत नवा रुग्ण नाही. आमच्याकडे एप्रिलच्या सुरुवातीला सापडलेले मोजके रुग्ण बरे होऊन घरी गेले होते, त्यानंतर नवा सापडला नव्हता. अट पूर्ण झाली, रंग मिळाला.

ही यादी पुन्हा वाचा. सहापैकी एकाही जिल्ह्यात मोठं शहर नाही, आंतरराष्ट्रीय विमानतळ नाही. गाड्या बंद, एसट्या बंद, सीमा बंद. आजार मुंबई-पुण्यात विमानाने आला आणि तिथेच अडकला. आमच्याकडे नमुने तपासायची सोयही त्या आठवड्यांत जिल्ह्यात नव्हती, घशातले स्वॅब बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत. थोडक्यात, आमचं हिरवेपण हे आमच्या कारभाराचं मोजमाप नव्हतं. ते आमच्या दूरपणाचं मोजमाप होतं, आणि थोडंफार आमच्या तपासणीच्या तुटवड्याचंही. पुढे मे महिन्यात मुंबई-पुण्याहून आपली माणसं गावी परतू लागली आणि रुग्ण वाढले, तेव्हा त्याच जिल्ह्याला 'कारभार ढासळला' म्हणून नावं ठेवली गेली. तेही तितकंच अन्यायाचं. दोन्ही वेळा कलेक्टर कचेरी तीच, डॉक्टर तेच, नर्सताई त्याच.

हीच गंमत सिंधुदुर्गची. 2020 च्या मेमध्ये हिरव्या सहांत, आणि 2 ऑगस्ट 2021 ला राज्याने 25 जिल्ह्यांचे निर्बंध सैल केले तेव्हा कडक निर्बंधात राहिलेल्या 11 जिल्ह्यांत. (त्या अकरांत आमचे सोलापूर, बीड, अहमदनगर हे तिन्ही शेजारी होते, आम्ही नव्हतो. पुन्हा टाळ्या.) पंधरा महिन्यांत सिंधुदुर्गचे लोक आळशी झाले का? कोकणातली डोंगरवाट बदलली का? रंग बदलला, कारण मोजायचं माप दोन्ही वेळा वेगळं होतं आणि लाटेची वेळही.

रुग्णसंख्येनं तुलना करू नये हे आता पुष्कळांना पटतं. मग ते मृत्युदराकडे वळतात: सापडलेल्या रुग्णांपैकी किती दगावले. हा आकडा रोजच्या पत्रकात असायचा, म्हणून तो शास्त्रीय वाटतो. एक हिशेब मनातल्या मनात करा, आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. दोन तालुके, दोन्हीत खरी लागण 1,000 जणांना, दोन्हीत मृत्यू 10. पहिल्या तालुक्यातली आशाताई दारोदार फिरली, शिबिरं लागली, 500 रुग्ण सापडले. मृत्युदर 2 टक्के. दुसऱ्याने फक्त दवाखान्यात आलेल्यांची तपासणी केली, 100 सापडले. मृत्युदर 10 टक्के. इथपर्यंत ठीक आहे, जास्त तपासणी करणाऱ्याला शाबासकी मिळते. पण आता तिसरा तालुका घ्या. तिथेही 1,000 ला लागण, 10 मृत्यू. त्यांनी 100 रुग्ण शोधले आणि दहापैकी एकच मृत्यू कोविडचा म्हणून लिहिला. मृत्युदर 1 टक्का! तिघांत पहिला नंबर त्याचा. जो आकडा लपवणाऱ्याला बक्षीस देतो तो तुलनेसाठी वापरायचा नसतो.

'बरे होण्याचं प्रमाण' तर याहून फसवं. साथ ओसरल्यावर प्रत्येक रुग्ण एक तर बरा झालेला असतो किंवा गेलेला. म्हणजे 100 मधून मृत्युदर वजा केला की उरतं तेच हे प्रमाण. दर आठवड्याला ते वाढतच जातं, कोणी काही केलं नाही तरी. ते 97-98 वर पोचलं की प्रशासनाचं अभिनंदन करणाऱ्या बातम्या यायच्या. कॅलेंडरचं अभिनंदन करावं तसं.

जून 2021 मध्ये राज्य सरकारने जरा शहाणं पाऊल उचललं. 4 जूनच्या आदेशाने जिल्ह्यांचे पाच स्तर केले, 7 जूनपासून लागू. माप दोन: तपासलेल्यांपैकी किती टक्के बाधित, आणि ऑक्सिजनच्या खाटा किती टक्के भरलेल्या. पाच टक्क्यांच्या आत बाधित आणि 25 टक्क्यांच्या आत खाटा भरलेल्या, तर पहिला स्तर, म्हणजे बाजार खुला. 20 टक्क्यांच्या वर बाधित किंवा 75 टक्क्यांच्या वर खाटा भरलेल्या, तर पाचवा. खाटांचा आकडा मला आवडतो. ऑक्सिजन लागलेला माणूस लपत नाही. पण बाधितांच्या टक्क्याचं काय? समजा एका तालुक्यात आठवड्यात 200 आरटी-पीसीआर झाल्या, 40 बाधित. 1,000 रॅपिड अँटिजेन झाल्या, 40 बाधित. एकूण 1,200 मध्ये 80, म्हणजे 6.7 टक्के, तिसरा स्तर. दुकानदार वैतागलेले, पुढाऱ्यांचे फोन सुरू. मग बसस्टँडवर टेबल टाकायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या 600 धडधाकट माणसांच्या नाकात काडी घालायची. सहा सापडले. आता 1,800 मध्ये 86, म्हणजे 4.8 टक्के. पाचाच्या आत! गावात एकही माणूस कमी आजारी झाला नाही, पण खाटांचा आकडा साथ देत असेल तर दुकानं उघडली.

असं कुठे घडलं याची नावं घेणं हा माझा विषय नाही, विषय आहे नियमाचा. नियमात अशी फट आहे हे सरकारच्याही लक्षात आलं असावं, कारण तीनच आठवड्यांनी, 25 जूनच्या आदेशात, बाधितांचा टक्का फक्त आरटी-पीसीआरवरून काढा, रॅपिड धरू नका असं स्पष्ट लिहिलं गेलं, आणि सगळ्या जिल्ह्यांना किमान तिसऱ्या स्तरावर ठेवलं गेलं. एक फट बुजली. दुसरी उरली: जिथे आरटी-पीसीआर कमी आणि फक्त लक्षणं असलेल्यांच्याच होतात, तिथे टक्का आपोआप फुगतो. परंड्याचा किंवा लोहाऱ्याचा माणूस आणि पुण्याचा माणूस यांना तपासणी सारख्याच अंतरावर मिळत नसेल, तर त्यांचे टक्केही शेजारीशेजारी ठेवता येत नाहीत.

आता मुद्दा आमच्या जिल्ह्याचा, आणि तो मला सगळ्यात जास्त सलतो. आमच्या जिल्ह्यातला गंभीर रुग्ण जिल्ह्यात राहत नाही. नकाशा बघा. भूम, परंडा, वाशीचा माणूस बार्शीला जातो. कळंबचा लातूरला किंवा अंबाजोगाईला. उमरग्याचा सोलापूरला, नाही तर सीमा ओलांडून कलबुर्गीला. आम्ही नळदुर्गकर सोलापूरला, हायवेने तासाभरात. कोविडच्या काळात जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, ते नंतर आलं. आणि आपल्या देशात मृत्यूची नोंद, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार, जिथे मृत्यू घडला तिथल्या निबंधकाकडे होते. राहायचं गाव कोणतंही असो.

माझे मामू एप्रिल 2021 मध्ये सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात गेले. दाखल होताना रिपोर्ट पॉझिटिव्ह. सतराव्या दिवशी पुन्हा तपासणी केली तर निगेटिव्ह, विसाव्या दिवशी इंतकाल. दवाखान्याने कागदावर कारण लिहिलं: हृदय आणि श्वसन बंद पडल्याने मृत्यू. आता मला सांगा, कोणाचं हृदय चालू असताना मृत्यू होतो? हा मृत्यू सोलापुरात नोंदला गेला, आणि कोविडचा म्हणून कुठेच नाही. धाराशिवचं पत्रक स्वच्छ, सोलापूरचंही स्वच्छ. माझी मुमानी मात्र विचारायची, "बेटा, गिनती किधर हुई इनकी?"

तिला पैसे पुढे मिळाले, कारण सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेवर 30 जून 2021 रोजी सरकारला सांगितलं की मृतांच्या वारसांना सानुग्रह रक्कम द्या. मग 50 हजार रुपये ठरले, आणि 4 ऑक्टोबरच्या आदेशाने हेही पक्कं झालं की तपासणीपासून 30 दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, दाखल्यावर कारण काहीही लिहिलेलं असलं तरी. एका न्यायालयीन आदेशाने 'कोविड मृत्यू'ची व्याख्या बदलली, आणि तिच्याबरोबर सगळ्या राज्यांच्या तुलनेचं पितळ उघडं पडलं.

ते कसं, ते बघा, कारण माझ्या सगळ्या लेखाचा जीव इथे आहे. जानेवारी 2022 मध्ये राज्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आकडे ठेवले. महाराष्ट्र: सरकारी नोंदीतले कोविड मृत्यू 1,41,737, मदतीसाठी आलेले अर्ज 2,13,890. गुजरात: नोंदीतले मृत्यू 10,094, अर्ज 89,633. तेलंगणा: नोंदीतले मृत्यू 3,993, अर्ज 29 हजारांच्या आसपास. आता भागाकार करा. महाराष्ट्रात एका नोंदलेल्या मृत्यूमागे दीड अर्ज. तेलंगणात सात. गुजरातमध्ये जवळजवळ नऊ. लोकसंख्येशी लावून बघा (2011 चीच घ्यावी लागते, 2021 ची जनगणना झालीच नाही). सरकारी मृत्यू धरले तर महाराष्ट्रात लाखामागे 126, गुजरातमध्ये 17, म्हणजे आपण साडेसात पट वाईट. अर्ज धरले तर महाराष्ट्रात 190, गुजरातमध्ये 148, म्हणजे सव्वापट. 'महाराष्ट्राने देशाला बुडवलं' हा वर्षभर टीव्हीवर चाललेला खटला या दोन भागाकारांच्या मधल्या जागेत उभा होता.

अर्ज म्हणजे मृत्यू नव्हेत, हे मला माहीत आहे. काही अर्ज दुबार असतील, काही खोटे. खोट्या दाखल्यांची तक्रार झाली आणि मार्च 2022 मध्ये न्यायालयाने आंध्र, गुजरात, केरळ, महाराष्ट्र या चार राज्यांतले पाच टक्के अर्ज पडताळायला परवानगीही दिली. पण गुजरातचे त्याच वेळपर्यंत 68,370 अर्ज तिथल्याच सरकारने मंजूर केले होते, म्हणजे स्वतःच्या मृत्यूसंख्येच्या पावणेसात पट. आणि केरळात उलट चित्र होतं: नोंदीतले मृत्यू 49,300, अर्ज 27,274. तिथे सरकारने मागे राहिलेले मृत्यू स्वतःहून यादीत घेतले होते. जे राज्य नीट मोजतं ते यादीत वर दिसतं, शिव्या खातं. महाराष्ट्राने 16 जून 2020 ला जुळवणी करून एकाच दिवशी मागचे 1,328 मृत्यू यादीत घेतले तेव्हा 'एका दिवसात स्फोट' असे मथळे आले. असे मथळे वाचून पुढच्या वेळी कोणता अधिकारी प्रामाणिकपणे जुळवणी करेल?

केरळचंच आणखी एक. जुलै-ऑगस्ट 2021 मध्ये देशातले निम्मे नवे रुग्ण एकट्या केरळात सापडत होते आणि 'केरळ मॉडेल फसलं' असं सगळीकडे चाललं होतं. त्याच सुमारास आयसीएमआरच्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात रक्त तपासून पाहिलं तेव्हा प्रतिपिंडं सापडलेल्यांचं प्रमाण मध्य प्रदेशात 79 टक्के, गुजरातमध्ये 75.3, महाराष्ट्रात 58, आणि केरळात 44.4, म्हणजे पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी. ज्या राज्याला सर्वाधिक रुग्णांचं म्हणून हिणवलं गेलं तिथे लागण सगळ्यात कमी लोकांना झाली होती. बाकीच्यांनी रुग्ण शोधलेच नव्हते.

या मासिकाच्या वाचकांना छेद न सांगता दिलेल्या टक्क्याचा चटका वेगळ्या वाटेनेही बसलेला आहे, म्हणून ते टाळून पुढे जाणं बरं नाही. एप्रिल 2020 मध्ये केंद्राच्या रोजच्या पत्रकार परिषदेत तबलीगी जमातच्या कार्यक्रमाशी जोडलेल्या रुग्णांची वेगळी टक्केवारी दिली जाई. 18 एप्रिलला सांगितलं गेलं: 14,378 पैकी 4,291, म्हणजे 29.8 टक्के. 5 एप्रिलला तर असंही, की रुग्ण 4.1 दिवसांत दुप्पट होताहेत, हा कार्यक्रम नसता तर 7.4 दिवस लागले असते. अंश सांगितला. छेद? त्या गटातल्या किती जणांची तपासणी झाली, बाकी जनतेतल्या किती जणांची, दर शंभर तपासण्यांमागे किती बाधित, हे त्या वाक्यांत नव्हतं. तेव्हा तपासणीचे निकष इतके अरुंद होते की साधा ताप-खोकला असलेल्या सर्वसामान्य माणसाची तपासणीच होत नव्हती. अशा वेळी एका गटाला शोधशोधून तपासलं तर त्याचा वाटा फुगणारच. कार्यक्रमातून लागण पसरली नाही असं मी म्हणत नाही, पसरली. पण वाटा किती, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नव्हतं. भाजीवाल्यांना गल्लीत येऊ न देण्याइतका अर्थ मात्र त्यातून काढला गेला. 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने (न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर) परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असावं असा अभिप्राय दिला. तोवर आकड्याने आपलं काम केलेलं होतं.

याच न्यायाने आपल्यातल्या काही मंडळींनाही दोन शब्द. 'आपल्या कब्रस्तानात इतक्या मय्यती झाल्या, म्हणजे आपल्यालाच जास्त मारलं' हेही विना-छेदाचंच वाक्य. मागच्या वर्षी त्याच महिन्यात किती होत्या? वस्ती किती, म्हातारी माणसं किती? दफनाची वही हा अस्सल पुरावा आहे. मालेगावात एप्रिल 2020 मध्ये सरकारी कोविड मृत्यू थोडे असताना कब्रस्तानांतल्या दफनांची संख्या आदल्या वर्षीच्या कितीतरी वर गेली आणि त्यावरूनच खरं चित्र बाहेर आलं. पण तिथे वही होती, आणि आदल्या वर्षीचीही होती. आपल्या किती कमिट्यांकडे तारीख, वय, राहायचं गाव लिहिलेली दहा वर्षांची वही आहे?

वयाचं इतकं का घेऊन बसलोय? कारण हा आजार म्हाताऱ्यांना जास्त मारतो, आणि म्हातारे सगळीकडे सारखे नाहीत. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे केरळात 12.6 टक्के, महाराष्ट्रात 9.9, गुजरातमध्ये 7.9, बिहारमध्ये 7.4. मराठवाड्यातल्या ज्या गावांतून तरुण पोरं पुण्या-मुंबईला जातात तिथे मागे कोण उरतं ते तुम्ही जाणता. पुन्हा मनातला हिशेब: 1 लाख वस्तीचे दोन तालुके, एकात 15,000 म्हातारे, दुसऱ्यात 8,000. दोन्हीकडे उपचार अगदी सारखे, साठीपुढे शंभरात एक मृत्यू, साठीआत हजारात एक. पहिल्यात 235 मृत्यू, दुसऱ्यात 172. काहीही चूक न करता पहिला तालुका 37 टक्के 'वाईट'. म्हणून तुलना करायचीच तर वय समान करून करावी लागते. हे गणित अवघड नाही, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

मग न्याय्य माप कोणतं? माझं उत्तर: कारण विचारूच नका. किती माणसं गेली, सगळ्या कारणांनी, आणि नेहमीच्या वर्षांत किती जातात, त्यातला फरक बघा. आपल्या देशात 2020 साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्क्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. जिथे दहापैकी आठ मृत्यूंचं कारणच ठाऊक नाही तिथे कारणावरून जिल्ह्यांची शर्यत लावणं हा पोरखेळ आहे. कारणाचा रकाना बदलता येतो, मय्यत बदलता येत नाही. देशात नोंदलेले मृत्यू 2019 मध्ये 76.4 लाख, 2020 मध्ये 81.2 लाख, 2021 मध्ये 1.02 कोटी. एका वर्षात जवळपास 21 लाखांची उडी. त्यातला काही भाग नोंदणी सुधारल्याचा, काही लोकसंख्या वाढल्याचा, हे धरूनही दोन वर्षांचे मिळून सरकारी कोविड मृत्यू पावणेपाच लाखांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये भारतासाठी 47 लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला तेव्हा केंद्राने त्यांच्या गणिती पद्धतीवर आक्षेप घेतला. ठीक, गणित बाजूला ठेवू. 2021 च्या नोंदी तर आपल्याच आहेत, आणि त्या प्रसिद्ध व्हायला मे 2025 उजाडलं.

या मापालाही मर्यादा आहेत. तालुका लहान असला की आकडा आपोआप हलतो. हजारी साडेपाच मृत्युदर धरला तर 1 लाख वस्तीत महिन्याला 46 च्या आसपास मृत्यू अपेक्षित, पण काहीही वेगळं न घडता एखाद्या महिन्यात 33 तर दुसऱ्यात 59 होऊ शकतात. म्हणून एका तालुक्याच्या एका महिन्यावरून कोणाचा सत्कारही करू नये, कोणाला निलंबितही करू नये. शिवाय लॉकडाऊनमध्ये अपघात घटले, तर डायलिसिस आणि बाळंतपणाचे हाल झाले, हे सगळं त्या फरकात मिसळतं. मिसळू द्या. कारभाराची परीक्षा घ्यायची आहे ना? ॲम्ब्युलन्स न मिळाल्यानं गेलेली बाळंतीण कारभाराच्या खात्यातच जायला हवी.

'गेलेल्यांची मोजदाद करून आता काय मिळणार' असं मला गावाकडे पुष्कळांनी विचारलंय. उत्तर रुपयात आहे. व्हेंटिलेटर, डॉक्टरांच्या जागा, ऑक्सिजन प्लांट हे मागच्या साथीतल्या आकड्यांवरून ठरतात. आमच्या जिल्ह्याची माणसं सोलापूर-लातूरच्या खात्यात मेली, तर पुढची खाट सोलापूर-लातूरलाच मिळते, आणि परंड्याचा माणूस पुन्हा बार्शीच्या रस्त्यावर. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आमचं नाव आहे, दर महिन्याला क्रमवारी लागते, म्हणजे आकड्याने जिल्ह्याचं भलंबुरं होतं हे सरकारनेच मान्य केलंय. आणि 'सगळे आकडे खोटेच' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की असं म्हटल्याने खोटा आकडा देणारा सुटतो आणि खरा देणारा त्याच्याच रांगेत उभा राहतो.

लागणारी माहिती कुठे दूर नाही. मृत्यूची खबर देण्याचा जो नमुना क्रमांक 2 आहे, त्यात मृताचं वय आणि राहायचं गाव हे दोन्ही रकाने असतात. म्हणजे सोलापुरात नोंदलेला नळदुर्गचा माणूस नळदुर्गच्या खात्यात परत आणता येतो, फक्त कोणीतरी तसं मोजायला हवं. (नाव बदलल्यामुळे जुन्या फायलींत उस्मानाबाद आणि नव्या फायलींत धाराशिव असेल. जोडताना दोन्ही शोधा, नाही तर 2023 च्या आधीचा जिल्हाच गायब होतो. हा माझा रोजचा अनुभव.)

तेव्हा आपल्या आठही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांसाठी काम असं आहे. धाराशिव, सोलापूर, लातूर आणि बीड या चार जिल्हा परिषदांच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि सोलापूर व लातूर महापालिकांच्या जन्म-मृत्यू विभागांकडे, माहितीच्या अधिकारात एकसारखा अर्ज टाकायचा: जानेवारी 2015 ते डिसेंबर 2022, महिनावार, सर्व कारणांचे नोंदलेले मृत्यू, मृताच्या राहत्या तालुक्याप्रमाणे आणि साठीआतले-साठीपुढचे असे वेगळे, नावं नकोत. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. कब्रस्तान कमिट्यांच्या वह्यांचे फोटो ज्यांना काढता येतील त्यांनी त्याच काळातल्या पानांचे काढावेत, आणि स्मशानभूमीच्या नोंदी ठेवणाऱ्या ग्रामपंचायतींकडेही तेच मागावं. तक्ता जुळवून द्यायचं काम माझ्याकडे.